शटलवर अंगठ्याची जागा

माझ्या सासूबाईंचा उजवा अंगठा दुखायला लागला, तेव्हा घरातल्या प्रत्येकाकडे त्यावर उपाय होता, आणि नवल म्हणजे सगळ्यांचा उपाय एकच होता. टॅटिंग बंद करा.

सासूबाईंचं नाव कौसाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. आम्ही तापीकाठी प्रकाशाला राहतो. शेती आहे, शिवाय मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. टॅटिंग म्हणजे दोऱ्याच्या गाठींची लेस. आत्या लहान असताना त्यांची आई नवापूरकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात महिनाभर पडून होती. तिथल्या नर्सबाईंनी पोरगी रडू नये म्हणून तिच्या हातात शटल दिलं. शटल म्हणजे बोटाएवढी एक चपटी होडी. दोन पाती, मध्ये खुंटी, खुंटीला दोरा गुंडाळलेला. डाव्या हाताच्या बोटांवर दोऱ्याचं वेटोळं घ्यायचं, उजव्या हाताच्या चिमटीत शटल धरायचं आणि ते वेटोळ्याच्या खालून-वरून नेत गाठी मारायच्या. गाठींची कडी होते, कड्यांची लेस होते. आई बरी होऊन घरी आली; पोरीच्या हातातलं शटल काही सुटलं नाही.

तर अंगठा. शहाद्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडाकडे धरला आणि वय झालं असं सांगितलं. अंगठ्याला विश्रांती द्या म्हणाले. आत्यांनी विचारलं, म्हणजे भाकरी थापू नको का? तसं नाही, म्हणाले. गाईची धार काढू नको का? तसंही नाही. कपाशी वेचायची? ती वेचा हो, तेवढं ते दोऱ्याचं सोडा. या अंगठ्याने चाळीस वर्षं जे जे केलं, त्यातलं फक्त आत्यांना आवडणारं काम तेवढं वैद्यकीयदृष्ट्या घातक निघालं.

सासरे, म्हणजे भिलामामा, यांना डॉक्टर हुशार वाटला. "मी कधीनं सांगी ऱ्हायनू," ते आमच्या अहिराणीत म्हणाले, "कोन पाहस ती लेस?" माझे यजमान नवनीत यांनी मोबाइलवर मशीनच्या लेसची गुंडाळीच्या गुंडाळी दाखवली. मी तर शिक्षिका. सल्ला देणं हा माझा पेशा. मी म्हटलं, "आत्या, संध्याकाळी मालिका बघत जा. मन रमतं."

आत्यांनी आमचं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग शटल खिडकीच्या उजेडात धरून उलटसुलट पाहिलं, डॉक्टरांनी फोटो पाहिला होता त्याच गंभीरपणे.

"अंगठाना दोष नही शे," त्या म्हणाल्या. "दोष ह्या शटलना शे."

शटल चंपालाल शेठच्या दुकानातून आणलेलं होतं. शेठजींचं घराणं राजस्थानातून इकडे येऊन चौथी पिढी. शहाद्यात त्यांचं बांगड्या-दोरे-बटणांचं दुकान आहे, आणि अख्ख्या तालुक्यात टॅटिंगचं शटल मिळेल तर तिथेच. आत्या मला घेऊन गेल्या आणि शटल काउंटरवर ठेवलं.

"शेठजी, हाई फार पातळ शे. धरता धरता अंगठा वाकी जास. थोडं जाड नही का?"

"बाई, कंपनीचा माल आहे," शेठजी हात जोडून म्हणाले. "साऱ्या दुनियेत हाच जातो. कंपनी काय येडी आहे का?"

"दुनियानी बायास्ना अंगठा कंपनीनी मोजेल शेतस का?"

शेठजींनी यावर आत्यांच्या हातात लाल रंगाचं शटल दिलं. आधीचं पांढरं होतं. जाडी तीच. ग्राहकाचं समाधान हेच आमचं भांडवल, अशी पाटी त्यांच्या डोक्यावर आहे.

मग आत्यांनी घरीच सुरू केलं. पहिल्यांदा शटलच्या दोन्ही अंगांना दवाखान्यातली चिकटपट्टी लावली. धरायला मऊ झालं, पण टॅटिंगमध्ये प्रत्येक गाठीला दोरा बोट आणि शटल यांच्या मधून सरकावा लागतो. तो पट्टीला चिकटून बसला. मग सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे सोल्यूशनने डकवले. पकड अशी आली की शटल हलेना आणि दोराही हलेना. मामा ओट्यावरून म्हणाले, "आते त्याले टायर बी बसाड, नि पंप मार." आत्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण कान लाल झालेले मला दिसले.

त्याच आठवड्यात मोरीचा पाइप गळत होता म्हणून नवनीतनी एमसील आणलं. हे एक पिठाच्या गोळ्यासारखं चिकट सारण. दोन रंगांचे तुकडे एकत्र मळायचे, लावायचं, तासाभरात दगड. नवनीतनी पाइपाला लावलं. पाइप आजही गळतो. उरलेला तुकडा आत्यांनी उचलला.

त्यांनी शटलच्या दोन्ही बाहेरच्या अंगांना मधोमध एकेक छोटी टिकली बसवली आणि ओली असतानाच एका बाजूने अंगठा, दुसऱ्या बाजूने तर्जनी दाबून धरली. अंगठ्याची खळी उमटली. वाळल्यावर कडा पॉलिश पेपरने घासल्या आणि वरून माझ्या लग्नातलं नेलपॉलिश मारलं, न विचारता. पहिलं शटल इतकं फुगलं की वेटोळ्यातून जाईना. दुसरं एका बाजूला कलंडायचं. तिसरं बरोबर झालं. तेही मला त्यांनी सांगितलं नाही. ओट्यावरून टक्-टक् असा आवाज आला, पात्यांच्या टोकांतून दोरा सुटताना येतो तसा, आणि बऱ्याच वेळ थांबलाच नाही. मी बाहेर गेले. अंगठा आता वाकलेला नव्हता, खळीत आरामात बसला होता, वामकुक्षी घेणाऱ्या माणसासारखा.

"दुखतं का?" मी विचारलं.

"दुखस. पन मन्हा दुखस, शटलना नही," आत्या म्हणाल्या. मला आधी कळलं नाही. नंतर कळलं: वयाचं दुखणं तेवढं उरलं होतं, शटलने दिलेलं गेलं होतं.

हे इथेच संपलं असतं, पण तेवढ्यात आमच्या जिल्ह्यात महिलांच्या विकासाची एक योजना आली. तिचं नाव इतकं लांब होतं की फलकावर मावेना म्हणून फलक मोठा केला. धडगावला चाळीस महिलांना पंधरा दिवस टॅटिंग शिकवायचं होतं. धडगावलाच का आणि टॅटिंगच का, याचा खुलासा वरूनही आला नाही आणि खालून कोणी विचारलाही नाही. प्रशिक्षण प्रमुख होते हेमकांत सर. हे 'मास्टर ट्रेनर'. त्यांनी टॅटिंगचे भरपूर व्हिडिओ पाहिले होते. गाठ मात्र मारता येत नव्हती, म्हणून 'स्थानिक कारागीर' शोधत ते बचतगटाच्या बायकांना विचारत विचारत आमच्या दारात आले.

"मावशी, तुम्ही फक्त हात चालवायचे," ते म्हणाले. "थिअरी मी बघतो."

मामा म्हणाले, "उन्हाळाना घाट चढशी? तो अंगठा लिसन?" पण आत्यांनी तोवर शटलची डबी पिशवीत टाकली होती. मला उन्हाळी सुट्टी होती. मी सोबत गेले.

शहाद्याहून म्हसावद, तिथून घाट. शेअर जीपमध्ये पुढच्या बाकावर चार, मधल्यावर पाच, मागे मोजायची पद्धत नाही. धडगावच्या हॉलवर पोहोचलो तर चाळीस बायका खाली बसलेल्या, आणि हेमकांत सर टेबलावरचा खोका उघडत होते. त्यात सरकारी शटलं. पत्र्याची. आमच्या चंपालाल शेठच्या शटलपेक्षाही पातळ आणि लांबीला अर्धं पेर कमी. कडा अशा की काकडी कापावी. 'तांत्रिक निकषांनुसार खरेदी' असं खोक्यावर लिहिलेलं होतं. कोणाच्या हाताचे निकष ते लिहिलेलं नव्हतं.

या बायकांचे हात मी बघत होते. विळा, कुदळ, लाकडाची मोळी, पाण्याचे हंडे यांनी घडवलेले. बोटांना भेगा. त्या भेगांत बारीक दोरा अडकायचा आणि मे महिन्याच्या घामात पत्रा निसटायचा. जेवणाच्या सुट्टीआधी निम्म्या जणींनी शटलं मांडीवर ठेवून दिली. एकीच्या पांढऱ्या दोऱ्याला रक्त लागलं होतं. ती तो डाग पदराआड लपवत होती, जसा काही तिनेच सरकारचा दोरा खराब केला.

हेमकांत सरांनी वहीत लिहिलं, ते मी शेजारून वाचलं. 'लाभार्थ्यांमध्ये चिकाटीचा अभाव.'

चिकाटीचा अभाव असलेल्या या बायका सकाळी दोन-दोन तास डोंगर उतरून आल्या होत्या.

मागच्या ओळीत रुपा नावाची एक पावरा आदिवासी मुलगी होती, चोवीस-पंचवीसची. आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकलेली, त्यामुळे आमचं बोलणं बाकीच्यांना पावरीत सांगायचं काम आपोआप तिच्यावर आलं. तिच्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. चारा कापायच्या यंत्रात गेलेलं. चिमटीत शटल धरलं की ते घसरून तिच्या मांडीवर पडायचं. ती उचलायची. पुन्हा पडायचं. दिवसभरात तिने एकदाही तक्रार केली नाही. आत्या मात्र तिच्याकडेच बघत होत्या.

संध्याकाळी जीपने परतलो. शहाद्याला उतरल्यावर थेट हार्डवेअरच्या दुकानात शिरल्या आणि म्हणाल्या, "काजल, याना आठे जितलं एमसील व्हई, तितलं लई ले."

दुकानदाराने विचारलं, "मोठं लीकेज आहे का?"

"हो," मी म्हटलं. "जिल्हाभर."

दुसऱ्या दिवशी आत्यांनी आधी पॉलिश पेपर वाटले आणि सगळ्यांना पत्र्याच्या कडा घासायला लावल्या. हॉलमध्ये हजार उंदीर कुरतडावेत तसा आवाज सुरू झाला. मग त्यांनी मळलेल्या गोळ्यांच्या टिकल्या दिल्या. रुपा पावरीत सांगत होती. प्रत्येकीने आपल्या शटलवर टिकली बसवायची, आपला अंगठा दाबायचा आणि शंभर आकडे होईपर्यंत सोडायचा नाही.

चाळीस बायका डोळे मिटून अंगठा दाबून बसल्या. यातल्या बहुतेकींचे अंगठे आजवर बऱ्याच जणांनी घेतले होते: रेशनच्या दुकानाने, बँकेने, पंचायतीने, आणि रोज सकाळी आमच्या हजेरीपटाने. अंगठा घेताना प्रत्येक ठिकाणी कोणीतरी मनगट धरून दाबायचं. इथे कोणी मनगट धरलं नव्हतं. एक म्हातारी मध्येच हसायला लागली. रुपाला विचारलं तर म्हणाली, "ती सांगते, पहिल्यांदा अंगठा देऊन काहीतरी परत मिळालं."

वाळल्यावर कडा घासल्या. खळी मात्र घासू नका, असं आत्यांनी बजावलं. वरून नेलपॉलिश. ते यावेळी मी स्वतः घेऊन आले होते, चार रंगांत. दुपारनंतर मांडीवर एकही शटल नव्हतं.

रुपाचं काम इतकं सोपं नव्हतं. तिचं तुटकं बोट टिकलीवर टेकतच नव्हतं. आत्यांनी दोनदा टिकली बदलली, दोनदा शटल पडलं. तेव्हा रुपा पहिल्यांदा चिडली. "राहू द्या मावशी," ती म्हणाली, "माझं बोट मशीनने नेलं. तुमचा गोळा ते परत आणणार आहे का?"

आत्यांनी शटल खाली ठेवलं. "तुन्हं बोट जितलं शे तितलंच माले पायजे," त्या म्हणाल्या. "नही शे त्यानी गोष्ट कसाले? दाखाड, कसं टेकस ते."

रुपाने हात पुढे केला. आत्यांनी तो हात धरून पाहिला, चिमूट न करता तसाच सैल. बोटाचं टोक नव्हतं, पण मधल्या पेराची बाजू अंगठ्यासमोर नीट येत होती. मग आत्यांनी त्या अंगाला टिकली लावली नाही, आडवा बांध घातला, शेतात पाणी अडवायला घालतो तसा, आणि रुपाचं पेर त्याला टेकवून दाबलं. तिसऱ्यांदा शटल पडलं नाही. पाचव्या दिवशी रुपाची पहिली कडी पूर्ण झाली. वाकडी होती, एका बाजूला फुगलेली. तिने ती बोटात घालून पाहिली आणि दिवसभर काढली नाही.

हेमकांत सरांनी 'अभाव' खोडून 'विकास' लिहिलं. वाक्य तेच राहिलं. शासकीय भाषेची ही सोय मला फार आवडते.

अकराव्या दिवशी जिल्ह्याहून तपासणीला साहेब आले. त्यांनी फलकाचं माप बघितलं, पाण्याच्या जारची संख्या बघितली आणि मग एक शटल उचललं. गुलाबी नेलपॉलिश लावलेलं.

"हे काय आहे?"

"शटल, सर," हेमकांत सर उभे राहून म्हणाले.

"ते दिसतंय. त्याच्यावर काय आहे?"

हेमकांत सरांनी आत्यांकडे पाहिलं. जबाबदारी त्यांनी इतक्या पटकन सोपवली की ती पडलीसुद्धा नाही.

"अंगठानी जागा शे," आत्या म्हणाल्या.

"बाई, हे शासकीय साहित्य आहे. पुढच्या तुकडीला हेच वापरायचंय. यात छेडछाड करायची परवानगी कोणी दिली?"

"साहेब, कोनी नही दिन्ही. पन पहिले त्यास्नी बोटे कापाई जायेत. त्यानी परवानगी कोनी दिन्ही व्हती?"

साहेबांना अहिराणी येत नसावी किंवा फार चांगली येत असावी. ते लाल झाले. सर्व शटलं समारोपाच्या दिवशी मूळ स्वरूपात जमा करा, नाहीतर तुकडी रद्द, प्रमाणपत्रं नाहीत, असं सांगून ते जीपमध्ये बसले. मूळ स्वरूपात! एमसील पत्र्यावरून काढायचं म्हणजे पत्राच फाडायचा.

परतीच्या वाटेवर आत्यांनी शटलची डबी उघडलीच नाही. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मन्हापायी पोरीस्ना कागद जाई," त्या एवढंच म्हणाल्या. घरी मामांनी सगळं ऐकलं आणि 'मी सांगे व्हतं' हे तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. नवनीतनी लगेच माफीपत्र लिहायला घेतलं. त्यांचा अर्जाचा हात चांगला आहे. 'मी, कौसाबाई भिला पाटील, राहणार प्रकाशा, माझ्याकडून अज्ञानातून घडलेल्या चुकीबद्दल दिलगिरी व्यक्त करते.'

आत्या सातवी पास आहेत. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "अज्ञान काढी टाक," त्या म्हणाल्या. नवनीतनी खोडलं. "चूक बी काढ." तेही खोडलं. "दिलगिरी कसानी मंग?" शेवटी कागदावर 'मी, कौसाबाई भिला पाटील, राहणार प्रकाशा' एवढंच उरलं. आत्या म्हणाल्या हे बरोबर शे, आणि खाली सही केली. तो कागद नेण्यात अर्थ नव्हता. पण सही झाल्यावर त्यांनी डबी उघडून शटल हातात घेतलं.

बाराव्या दिवशी हॉलवर सुतक असल्यासारखं होतं. हेमकांत सर कपाळ धरून बसले होते, कारण त्यांच्या फाइलमध्ये यशाचा रकाना रिकामा राहणार होता. बायका मात्र काम करत होत्या. त्यांना रुपाने सगळं सांगितलं होतं, आणि बहुधा त्यांना सरकारच्या रागाची सवय होती.

रुपा उठून टेबलापाशी आली. तिने हजेरीपट उघडला आणि टेबलावरचं एक शटल सरांपुढे ठेवलं.

"सर, हे कोणाचं, सांगा."

"कोणाचंही असेल. सगळी सारखीच आहेत."

"सारखी होती," रुपा म्हणाली. तिने शटलच्या खळीवर बोट ठेवलं. नेलपॉलिशच्या खाली अंगठ्याच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. मग हजेरीपटातला एक निळा अंगठा दाखवला. "हे जात्रीबाईचं. बघा, मधे कापल्याची खूण. इथे पण, तिथे पण. आता हे कोणी नेलं, हरवलं, बदललं, तर कळेल ना तुम्हाला?"

हेमकांत सरांनी शटल डोळ्यांजवळ नेलं. मग हजेरीपट. मग पुन्हा शटल. आणि मी माझ्या डोळ्यांनी एका माणसाच्या चेहऱ्यावर साक्षात्कार होताना पाहिला. टॅटिंगमध्ये ज्यांना बारा दिवसांत एक गाठ सुचली नव्हती, त्यांना एका दमात आख्खं शीर्षक सुचलं: 'लाभार्थीनिहाय अंगठा-प्रमाणित साहित्य'.

"म्हणजे ही छेडछाड नाहीच!" ते ओरडले. "हे प्रमाणीकरण आहे!"

"मी सकाळपासून तेच बोलणार होते," रुपा म्हणाली, "पण तुम्ही कपाळ धरून बसले होते."

प्रस्ताव त्याच दिवशी जिल्ह्याला गेला. उत्तर इतक्या लवकर आलं की माझा विश्वास बसेना. बोटं कापू नयेत म्हणून केलेला बदल गुन्हा होता. चोरी होऊ नये म्हणून केलेला तोच बदल नवोपक्रम ठरला. समारोपाला तेच साहेब आले, तेच गुलाबी शटल हातात धरून त्यांनी फोटो काढला आणि नवोपक्रमाबद्दल हेमकांत सरांचा सत्कार केला. आत्यांना शाल मिळाली. मे महिन्यात. चाळीसही जणींना प्रमाणपत्रं मिळाली, तेव्हा आत्यांनी शालीनेच डोळे पुसले, म्हणजे तिचा उपयोग झाला.

दिवाळीनंतर दुसरी तुकडी लागली. हेमकांत सर नव्या शटलांचा खोका घेऊन आधी आमच्या घरी आले. आनंदात होते. योजनेने खास साचा करून घेतला होता: जाड प्लॅस्टिक, गोल कडा आणि मधोमध अंगठ्याची तयार खळी. आता एमसीलची कटकट नको. आत्यांनी एक शटल घेतलं, अंगठा ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हाऊ कोना अंगठा शे?"

"नमुना लगेच पाठवायचा होता ना मावशी," हेमकांत सर जरा लाजले. "म्हणून मग मीच माझा दिला."

हेमकांत सर सहा फुटी आहेत. त्यांच्या अंगठ्याच्या खळीत आत्यांचा अंगठा परातीतल्या लिंबासारखा गडगडत होता. तालुक्यातल्या समस्त महिलांनी इथून पुढे विकसित व्हायचं ते हेमकांत सरांच्या अंगठ्याखाली.

"भाऊ, यामा मन्हा अंगठा पोहस."

"मावशी, तो प्रमाण अंगठा आहे," सर समजावून म्हणाले. "हळूहळू सवय होईल."

ते गेल्यावर आत्या गोठ्यात निघून गेल्या. दोन दिवस त्यांनी शटलला हात लावला नाही. मामांना वाटलं, सुटली एकदाची, मग तेच अस्वस्थ झाले आणि ओट्यावर येरझाऱ्या घालून म्हणाले, "काजल, तिले सांग ना, करू दे टकटक. घर भुतनं वाटी ऱ्हायनं."

तिसऱ्या दिवशी रुपाचा फोन आला. या तुकडीत तिला सहायक नेमलं होतं. फोनवर ती एवढंच म्हणाली की मावशी, तुम्ही येऊन जा. रविवारी आम्ही गेलो. आत्यांनी जाताना पिशवीभर एमसील घेतलं, पॉलिश पेपर घेतला, आणि घाटभर मला समजावत राहिल्या की प्लॅस्टिकवर ते आधी खरवडून मग बसवावं लागेल.

हॉलमध्ये पोहोचलो तर काम झालेलं होतं. रुपाने प्रत्येक शटलची खळी विळ्याच्या टोकाने खरवडून घेतली होती, तिच्यात बायकांनी आपापले गोळे भरले होते, आपापले अंगठे उमटवले होते. एक डावखुरी होती. तिची टिकली उलट्या अंगाला. एकीचा अंगठा सांधेदुखीने वळत नव्हता; तिचा गोळा चांगला सुपारीएवढा. हेमकांत सर कोपऱ्यात बसून अहवाल लिहीत होते आणि या दिशेला न बघण्याची काळजी घेत होते. आत्या ओळीओळीतून फिरल्या, शटलं हातात घेऊन पाहिली, आणि भरलेली पिशवी तशीच खांद्यावर राहिली. त्यांना आनंद झाला होता हे खरं. पण आपल्यावाचून झालं, हेही कुठेतरी लागलं असावं, कारण रुपाने आपली स्वतःची लेस पुढे केली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि दोष शोधायला सुरुवात केली.

लेस हातभर लांब होती. कड्या आता गोल होत्या, सारख्या होत्या. कड्यांच्या मधे नक्षीसाठी दोऱ्याचे छोटे फासे सोडतात. ते रुपाने चांगले लांब सोडले होते, झालरीसारखे, तिच्या मनाने.

"चांगली शे," आत्या म्हणाल्या. एवढंच. रुपाला एवढं पुरलं. ती पुढच्या ओळीत कोणाचा तरी दोरा सोडवायला गेली.

परतीच्या जीपमध्ये घाट उतरेपर्यंत आत्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हसावद आल्यावर एकदम म्हणाल्या, "फासा लांब सोडस ती. धुवात का मंग बठ्ठा गुतागुत व्हई जाई. मे महिनामा कितला येळा सांगं तिले. सांगी सांगी थकनू."

"मग सोडू दे की," मी म्हटलं. "तिची लेस आहे."

आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना पुन्हा मालिका बघायला सांगितलं होतं.